काट्याचा नमस्कार

१

कसारा घाटाच्या मध्यावर, जिथं उतार एकदम उजवीकडे वळतो, तिथले कठड्याचे दगड नाहीसे झाले होते. खाली सागाच्या झाडीत झुंबरशेठची विलायती गाडी चाकं वर करून पडली होती आणि आत भिका गायखे होता. हे शहाऐंशी सालातलं. दिवाळी तोंडावर आली होती. नाशकात दारोदार आकाशकंदील चढत होते आणि जुन्या नाशकातल्या भिकाच्या ओट्यावर माणसं माना खाली घालून बसली होती.

भिका काही नवशिका नव्हता. अर्धं आयुष्य त्यानं ट्रक हाकले होते, आग्रा रोडचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. असा माणूस लख्ख सकाळी, कोरड्या रस्त्यावर, सरळ दरीत जातो म्हणजे काय? लोकांना दुसऱ्याच्या मरणाचं कारण शोधायला भारी आवडतं. कुणी म्हणालं, प्यायला असेल. कुणी म्हणालं, त्या सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्या आळीनं ऐकलं. रागाच्या भरात जीव दिला. हे दुसरं बोलणं लताबाईच्या, म्हणजे भिकाच्या बायकोच्या कानावर गेलं आणि तिनं अन्न टाकलं.

मग पोलिसांनी तिसरंच काढलं. गाडीच्या ब्रेकचं तेल भरलेलं होतं, लायनर नवेकोरे होते, पण बॉनेटखाली ब्रेकला जोर पुरवणारी जाड रबरी नळी मधोमध कापलेली होती. सुरीनं कापावी तशी, सरळ. ही नळी हवा ओढून धरते म्हणून एवढ्या अवजड गाडीचा ब्रेक पायाला हलका लागतो. ती उघडी पडली की पायाखाली नुसता दगड. पोलिसांनी लगोलग नाशकातल्याच द्वारका चौकातल्या सहादू मिस्त्रीला उचललं. अपघाताच्या आदल्या दिवशी लायनर त्यानंच बदलले होते, आणि त्याच वेळी त्याचं नि भिकाचं चार लोकांदेखत जुंपलं होतं.

हे ऐकून भिकाचा धाकटा भाऊ नाथा घरातून उठला आणि थेट पंचवटीत सावळीराम तात्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. तात्या पोलिसांच्या मोटार विभागात जमादार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चोर आणि गिअरबॉक्स दोन्ही आवाजावरून ओळखतो, असं ते स्वतःच सांगायचे, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं.

"बस. पाणी पी. मग बोल," तात्या म्हणाले.

नाथानं पाणी घेतलं नाही. "सहादूनं केलं म्हणतात, तात्या. सहादू आमच्या घरी जेवणारा माणूस. मला नाही पटत. आणि तिकडं वहिनीला वाटतंय, दादानं तिच्यापायी जीव दिला. ती असं करून करून मरेल. मला खरं काय ते पाहिजे. ज्यानं ती नळी कापली, त्याचे हात मला बघायचेत."

तात्यांनी खुंटीवरची टोपी काढली. "शोधू. पण एक सांगून ठेवतो. मी शोधायला लागलो की मधे थांबत नाही."

"थांबूच नका," नाथा म्हणाला.

२

कोठडीत सहादू भिंतीला टेकून बसला होता. तात्यांना बघून उठला, नाथाला बघून पुन्हा बसला.

"जमादारसाहेब, मी चारी चाकं खोलली, लायनर टाकले, चाकं बसवली. बॉनेटला माझा हात लागला नाय. शप्पत घ्या."

"का नाही लागला? मिस्त्री माणूस तू. बॉनेट उघडल्याशिवाय तुला चैन पडतं का?"

"भिकानं लावू दिला नाय."

"आणि भांडण त्यावरून झालं?"

सहादूनं नाथाकडे पाहिलं आणि नजर भिंतीकडे वळवली. "भांडण आमचं आमच्यात होतं. गेलेल्या माणसाचं बोलणं मी असं चारचौघांत सांगत नसतो."

"अरे, फासावर जाशील!" नाथा ओरडला. "माझ्या भावाशी काय भांडलास ते सांगून टाक ना!"

तात्यांनी नाथाला बाहेर चहा सांगायला पाठवलं. चहा येऊन निवला तरी ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी चहाला हात लावला नाही.

"काय म्हणाला?"

"विशेष काही नाही." मग चालता चालता, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नाथा, त्या गाडीत एक मीटर बसवलं होतं म्हणतात. ते कुणी बसवलं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाथाच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "ते? ते मी बसवलं."

आईबाप गेले तेव्हा नाथा शाळेत होता. भिकानं त्याला पोरासारखा वाढवला, डायनामो आणि स्टार्टर बांधायचं काम शिकायला ठेवला, भद्रकालीत दुकान टाकून दिलं. त्या दादाला आपण कधी काही दिलं नाही, ही रुखरुख नाथाला फार दिवसांची होती. झुंबरशेठची गाडी कुवेतहून बोटीनं आलेली, टर्बो डिझेल. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. चढ लागला की तो बारीक शिट्टी घालायचा आणि ती शिट्टी ऐकून भिका लहान मुलासारखा खूश व्हायचा. ही हवा किती जोरानं भरली जाते ते दाखवणारं एक मीटर गाडीबरोबरच डबीत आलं होतं. कागद सगळा अरबीत, म्हणून कुणी बसवलं नव्हतं. भिका ती डबी उघडून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा.

"दसऱ्याला गाडीला हार घालताना त्याला एकदम दिसावं, असं माझ्या मनात होतं," नाथा म्हणाला. "म्हणून खंडेनवमीला दुपारी गुपचूप बसवलं. इंजिनाच्या श्वासाच्या नळीला तीन तोंडांची तिकटी जोडली, तिथून बारीक नळी आत आणली आणि समोर डायल."

"खंडेनवमीला? त्या दिवशी तर सगळी अवजारं पुजेला मांडलेली असतात."

"हो ना. पक्कडीला हात लावला नाही मी. लावतात का कुणी? हातानंच केलं सगळं." नाथानं बोटं हवेत पिळून दाखवली. "सकाळी दादानं बघितलं आणि बाहीला डोळे पुसले. म्हणाला, नाथा, आईनं तुला बघायला पाहिजे होतं."

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

३

गाडीचा सांगाडा घोटीच्या पोलीस चौकीमागे आणून टाकला होता. उलट्या हाताची गाडी; ड्रायव्हर डावीकडे बसणारी. नाथानं दाराची काच फुटलेली पाहिली, सीटवरचा काळा पडलेला डाग पाहिला आणि त्याला पुढं बघवेना. बॉनेटकडे तात्या गेले. नाथा डायलसमोर उकिडवा बसून राहिला.

डायलची काच तडकली होती. मधे शून्य, डावीकडे हिरवा पट्टा, उजवीकडे तांबडा. काटा शून्यावर उभा होता. नाथाला दादाची चेष्टा आठवली. "तुझा काटा लय आळशी आहे रे. चढ असो, उतार असो, डाव्या हिरव्या पट्ट्यात बसून असतो. आपल्या शेठसारखा, गादी सोडत नाही." नाथा म्हणाला होता, दिवाळी झाली की बघतो, आता दुकानात हात रिकामा नाही. दादा म्हणाला होता, राहू दे रे, बसलाय ना छान.

हे आठवून नाथाला रडू कोसळलं. पलीकडे तात्या बॉनेटखाली वाकून काहीतरी बारीक, तांबूस असं बोटांनी सोडवत होते. ते त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. त्याच्याबरोबर पितळेचंही काहीतरी होतं.

"इकडं ये," तात्यांनी हाक मारली. "हे बघ. बघावं लागेल तुला."

ब्रेकचं पेडल होतं. लोखंडी दांडा एका अंगाला वाकलेला. शेजारी हँडब्रेकही शेवटच्या दातापर्यंत ओढलेला.

"पडताना वाकलं असेल," नाथा म्हणाला.

"पडताना वाकलं असतं तर वरचा सांधा चेपला असता. हे पायानं वाकलंय. माणसानं सीटला पाठ लावून, सगळं अंग घालून दाबलंय." तात्यांनी वाकलेल्या दांड्यावर बोट ठेवलं. "जीव द्यायला निघालेला माणूस असं करत नाही, नाथा. तुझा दादा शेवटपर्यंत गाडी थांबवत होता."

चौकीसमोर भागीबाईचं चहाचं हॉटेल होतं. घाट उतरायच्या आधी भिका तिथं थांबायचा, हे ट्रकवाल्यांना ठाऊक होतं. भागीबाईनं नाथाला नखशिखांत न्याहाळलं.

"तू त्याचा भाऊ का? नाक तेच हाय. प्यायला होता म्हंत्यात ना लोक? तोंडात किडे पडतील. माझ्यासमोर चहा पिला, दोन पाव खाल्ले. मला म्हनला, भागीबाई, आज घरी मार खाऊन आलोय. बायको म्हन्ते घरात तांदूळ नाय आन् तुमाला गाडी सुचते. तवा येताना नवा तांदूळ घेऊन जातो, चांगला बघून काढून ठेव. दिवाळीला भात नवाच पायजे तिला."

ती आत गेली आणि एक गोणपाटाची पिशवी घेऊन आली. तोंड सुतळीनं बांधलेलं होतं.

"कुनाला द्यायचा सांगा आता मी? तूच घेऊन जा बाबा."

नाथानं पिशवी पोटाशी धरली. घाटाच्या तोंडाशी बसून तांदूळ सांगून ठेवणारा दादा त्याला समोर दिसायला लागला, आणि नळी कापणाऱ्याबद्दलचा त्याचा राग दुप्पट झाला.

"आता शेठकडे चला," तो म्हणाला. "त्या दिवशी शेठही मुंबईला निघणार होता. ऐन वेळी उतरला. त्याला कसं माहीत होतं?"

४

झुंबरशेठ विंचूरचे कांद्याचे व्यापारी. बसायला गाद्या, बोलायला गोड, पण नाथाला बघून त्यांचा चेहरा पडला. मेहुणा कुवेतहून विमानानं यायचा होता, त्याला आणायला गाडी निघाली होती, हे त्यांनी सांगितलं. आपण का उतरलो, या प्रश्नावर ते अडखळायला लागले.

"आणि चौकीवर कळलं, गाडीचा सांगाडा भंगारात द्यायची तुम्हाला घाई झालीय. कशाला?" नाथानं विचारलं. "पुरावा जातोय म्हणून?"

"नाथा, नीट बोल," तात्या म्हणाले.

"बोलू द्या त्याला," शेठ खाली बघत म्हणाले. "ती गाडी डोळ्यांसमोर नको वाटते, जमादार. मी त्याच्या शेजारी असणार होतो. आईला ताप आला म्हणून राहिलो. भिका म्हणाला, तुम्ही थांबा आईपाशी, मी जातो. तेव्हापासून मला झोप नाही."

आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. "झुंबर, कोन आलंय? भिकाचा भाऊ का? आत धाडून दे."

चिमणाबाई, शेठची आई, पलंगावर उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता. तिनं नाथाला जवळ बसवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मला देवाला, डाक्टरकडं, समदीकडं तोच न्यायचा. मी म्होरं बसायची, त्याच्या शेजारी. लय गप्पिष्ट. दसऱ्यापास्नं तर ते घड्याळ दाखवायचा मला, भावानं बसवलं म्हनून. चिमणाआजी, बघा म्हनायचा, ह्यो काटा माझ्या भावावानी शहाना हाय." ती हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "खरंच शहाना होता. भिकानं ब्रेक दाबला का नाय, का तो काटा असा म्होरं वाकायचा. नमस्कार घातल्यावानी. पाय सोडला का परत मागं. मी म्हनायची, भिका, तुझा भाऊ तुला नमस्कार घालतोय बग."

"दर वेळी, आजी?" तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका हळू होता की म्हातारीला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"दर टायमाला. ब्रेक दाबला का नमस्कार."

नाथालाही हसू आलं. त्यानं तात्यांकडे पाहिलं. तात्या डोळे मिटून बसले होते.

५

दोघं एसटीनं परतले. नाशकात सीबीएस स्टँडवर उतरले, तेव्हा तात्या म्हणाले, "नाथा, तुझ्या दादानं जीव दिला नाही, हे कळलं. प्यायला नव्हता, हेही कळलं. सहादूला मी सोडवतो, माझ्या ओळखी आहेत अजून. आपण इथंच थांबू या का?"

"म्हणजे? नळी कापणारा?"

"कुणी वाइटावर नव्हतं एवढं मी तुला सांगतो. तेवढ्यावर भागव."

नाथाच्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्हाला कळलंय! नाव कळलंय आणि तुम्ही लपवताय. कुणाला पाठीशी घालताय तात्या? शेठला? मी थांबतो म्हणालो होतो का? तुम्हीच म्हणालात ना, मधे थांबत नाही म्हणून?"

तात्यांनी भर स्टँडवर त्याचा हात धरला.

"चल तुझ्या दुकानावर," ते म्हणाले.

६

नाथानं दुकानाची फळी उघडली. आत बाकावर अर्धवट बांधलेला एक स्टार्टर तसाच पडला होता आणि भिंतीला तारांची रिळं लटकत होती. तात्या स्टुलावर बसले, रुमाल काढला आणि बाकावर सोडला.

पितळेची एक तिकटी. तिच्या दोन तोंडांना चिकटलेले पिळलेल्या तारेचे वेढे. तांबडं रोगण चढवलेली, केसाएवढी बारीक तार.

"ही तार कुठली?"

नाथानं भिंतीवरच्या रिळाकडे बघितलंसुद्धा नाही. "माझीच. तिकटी मीच बांधली ना. क्लिपा मिळेनात, सहादूचंही दुकान पुजेला बंद. उद्या-परवा क्लिप लावू म्हटलं. पण हिचा काय संबंध? ही इंजिनाच्या श्वासाच्या नळीला होती."

"कुठली श्वासाची नळी? ओळखलीस कशी?"

"त्यात काय ओळखायचं? शेटजी लोकांच्या विलायती पेट्रोल गाड्यांना पेट्रोल वाचवायची मीटरं मीच बसवतो की. इंजिनापासून निघून मागं डब्याकडे जाणारी जाड नळी. ती ब्लेडनं मधोमध कापायची, तिकटी घालायची..."

तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो ते त्याच्याच कानावर पडलं होतं.

तात्यांना ते सांगायचं नव्हतं, पण आता न सांगणं जास्त वाईट झालं असतं. ते अगदी सावकाश बोलले. "पेट्रोलचं इंजिन हवा ओढून घेतं, ती ओढ असते म्हणून ब्रेकची नळी त्याच्याच श्वासाला जोडलेली असते. तिथं तू कापलीस तरी मीटर बरोबर चालतं आणि क्लिपा घट्ट असल्या की ब्रेकही बरोबर चालतो. डिझेलच्या इंजिनाला ती ओढ नसते रे. त्याचं नाक मोकळं. म्हणून त्यात ब्रेकसाठी वेगळा पंप असतो आणि ती जाड नळी त्या पंपाची, नुसत्या ब्रेकची. टर्बोची हवा मोजायची तर इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला जोडायला हवं होतं."

"पण काटा हलायचा तात्या..."

"कधी हलायचा? चढाला? टर्बोची हवा भरली की काटा उजवीकडे, तांबड्यात जायला पाहिजे. तो कधीच गेला नाही. कायम डावीकडे ओढलेला. आणि म्हातारी काय म्हणाली? ब्रेक दाबला की नमस्कार. टर्बोच्या मीटरला ब्रेकचं काय देणंघेणं? तो काटा ब्रेकचीच ओढ दाखवत होता, पाय पडला की ती क्षणभर कमी व्हायची आणि काटा शून्याकडे वाकायचा. हाताचा पीळ, बारीक तार. इंजिनाच्या उष्णतेनं रबर मऊ पडलं, तार सैलावली. घाटात तिकटी निसटली."

रस्त्यावरून पोरं फटाके वाजवत गेली. नाथानं आपले दोन्ही हात बाकावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. हेच हात बघायचे म्हणून तो चार गावं फिरला होता. अंगठ्याच्या पेरावर तारेचा जुना वळ होता. देवापुढं ठेवलेली पक्कड उचलायची नाही म्हणून त्यानं तो पीळ बोटांनी दिला होता, बोटं दुखेपर्यंत, आणि तेव्हा त्याला किती आनंद झाला होता.

"सहादूला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"संशय होता. काटा बघून तो भिकाला म्हणाला, बॉनेट खोल, हे मीटर चुकीचं बसलंय. भिकानं खोलू दिलं नाही." तात्या उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढचं सहादूलाच विचार. मी कुणाला काही सांगणार नाही. ही तार तुझ्याकडे ठेवून जातो. तू ती नाल्यात टाकलीस तरी मी तुला दोष देणार नाही. सहादूला सोडवायला मी दुसरी वाट शोधतो."

"आणि वहिनी?"

तात्यांनी रिकामा रुमाल खिशात घातला आणि ते फळीवरून खाली उतरले.

७

नाथा स्वतः चौकीवर गेला. जबाब दिला, तिकटी आणि तार टेबलावर ठेवली. पुढं काय व्हायचं ते कोर्ट ठरवील, असं साहेब म्हणाले आणि नाथानं मान हलवली. कोर्टाचं त्याला काही वाटतच नव्हतं. सहादूला त्याच दिवशी सोडलं. पायरीवर दोघांची गाठ पडली.

"काय म्हणाला होता दादा तुला?" नाथानं विचारलं.

सहादूनं सांगायचं टाळून पाहिलं. नाथा वाटेतून हटला नाही.

"म्हनला, माझ्या भावाच्या कामाला हात लावायचा नाय. चुकलं असंल तर तोच नीट करील. तुझ्यासमोर त्याचं हसं झालेलं मला चालायचं नाय." सहादूचे डोळे भरले. "मी बी तावात आलो, म्हनलं, मर मग. हे शब्द होते माझे. मला आत टाकलं ते वाईट नाय वाटलं."

नाथा तांदळाची पिशवी घेऊन घरी गेला. लताबाई चुलीपाशी, विझलेल्या चुलीपाशी, गुडघ्यांत मान घालून बसली होती. ती या घरात आली तेव्हा नाथा शाळेत होता. त्याला डब्यात पोळी बांधून देणारी ती होती. तो तिच्यासमोर बसला आणि पिशवी मधे ठेवली.

"वहिनी, हा तांदूळ दादानं घोटीला सांगून ठेवला होता. येताना घेऊन येणार होता."

तिनं मान वर केली.

"मी त्यांना म्हणाले होते, त्या गाडीतच मरा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती, हेही बोलली नव्हती. "असं म्हणाले रे मी. तोंड नाही बघायचं म्हणाले."

"त्यानं मनावर घेतलं नव्हतं. चहा पीत हसत सांगत होता. आणि घाटात त्यानं ब्रेक दाबला होता वहिनी. सगळा जोर लावून. लोखंडाचा दांडा वाकला इतका. हँडब्रेक ओढला होता. त्याला यायचं होतं घरी."

लताबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. तिनं पिशवीवर दोन्ही हात ठेवले आणि ती धाय मोकलून रडली, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. नाथानं तिला रडू दिलं. उठून गेला असता तर चाललं असतं. तिला हवं होतं ते मिळालं होतं, ती आता जगली असती. तो उठला नाही.

"ब्रेक लागला नाही, कारण नळी कापलेली होती. ती मी कापली. दसऱ्याचं मीटर बसवताना. मला वाटलं दुसरी नळी आहे. तारेनं बांधली, क्लिप लावायची राहिली." त्यानं एका दमात सांगितलं. "सहादूनं नाही, कुणीच नाही. मी केलं."

लताबाईचं रडणं थांबलं. नाथा मान खाली घालून वाट बघत होता. ती मारेल, हाकलून देईल, शिव्या देईल, यातलं काहीही त्याला चाललं असतं. बाहेर शेजारच्या ओट्यावर पोरं पणत्या मांडत होती. तिनं सुतळीची गाठ सोडायला घेतली, ती तिला सुटेना, तशी नाथानं पुढं होऊन सोडली. तिनं मूठभर तांदूळ काढला, नाकाशी नेला आणि परत आत सोडला.

"त्यांनी ब्रेक दाबला होता ना?" तिनं विचारलं.

"हो वहिनी."

"घरी यायचं म्हणून?"

"हो."

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. पहिल्यापासून."

नाथानं तोंडावरून हात फिरवला आणि खंडेनवमीच्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली.